आभाळ छापा, खांब कोरे सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रीसला जाऊन आले, अथेन्स, सुनिओन आणि कॉरिंथच्या देवळांचे फोटो जवळ आहेत. फोनमधल्या फिल्टरने ते पॉप आर्टसारखे (जाहिराती आणि कॉमिक्सच्या धर्तीवर, सपाट भडक रंगांत) करून चांगल्या कागदावर छापून आणले, पण भिंतीवर लावले की कॅलेंडर लावल्यासारखं वाटतं. ठाण्यात राहते, स्क्रीन प्रिंटिंग शिकायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू, रंग किती घेऊ, काळी रेघ कधी टाकू? आणि शेवटी एक ओळ: देवळाचं, तेही पडलेल्या देवळाचं, असं भडक चित्र करणं योग्य आहे का?

मी तीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग करतोय. पहिली काही वर्षं लग्नपत्रिका आणि स्टिकरं, त्यानंतर चित्रकारांच्या मर्यादित आवृत्त्या आणि स्वतःचं काम. शेवटची ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. तिच्याकडे येतोच, पण आधी कॅलेंडर का वाटतं ते पाहू.

फिल्टर तुमचा फोटो जसाच्या तसा ठेवतो आणि त्यावर रंग चढवतो. खांबावरचा प्रत्येक डाग, मागची क्रेन, पायथ्याचं गवत, सगळं तिथेच राहतं, फक्त गुलाबी-निळं होतं. म्हणजे काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये हे ठरवल्याशिवाय गत्यंतरच नाही. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन (चौकटीवर ताणलेलं जाळीदार कापड) लागते, वेगळी पॉझिटिव्ह (त्या रंगाचे आकार काळ्यात काढलेला पारदर्शक कागद) लागते, प्रत्येक कागदावर वेगळा हात फिरवावा लागतो. पाच रंग म्हणजे चाळीस प्रतींना दोनशे वेळा स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, ओढणं. एवढे कष्ट पडणार असले की माणूस आपोआप विचारतो, हा रंग खरंच हवा का?

आता जरा मागे जाऊ, कारण हा विषय साठ वर्षांपूर्वी पॉप आर्टच्या दोन चित्रकारांनी हाताळलाय आणि दोघांचीही सुरुवात तुमच्यापेक्षा वेगळ्या जागेवरून झाली.

१९६४ साली न्यूयॉर्कमध्ये रॉय लिक्टनस्टाइनने ‘टेंपल ऑफ अपोलो’ हे मोठं चित्र केलं. त्यातलं देऊळ कॉरिंथचं, म्हणजे तुमच्याकडे ज्याचा फोटो आहे तेच. त्याच वर्षी त्याने ‘टेंपल’ नावाची एक ऑफसेट लिथोग्राफ केली. लिओ कॅस्टेली गॅलरीतल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने छापलेली, घडी घालून टपालाने पाठवायची. आणि त्याच १९६४ मध्ये लंडनमध्ये पॅट्रिक कॉलफील्डने ‘रुइन्स’ ही स्क्रीन प्रिंट केली. कॉलफील्ड तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि ही त्याची पहिली स्क्रीन प्रिंट. ती केल्प्रा स्टुडिओत ख्रिस प्रेटर या छपाईकाराने छापली. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्सने चित्रकारांकडून स्क्रीन प्रिंट्स करून घेण्याचा उपक्रम काढला होता, त्याचा ती भाग होती. तोवर तिथे स्क्रीन प्रिंटिंग हे पाट्या आणि जाहिराती छापण्याचं तंत्र समजलं जाई. प्रेटरसारख्या कारागिरांनी ते चित्रकारांच्या हातात दिलं. पत्रिका छापण्यातून आलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

दोघांत समान धागा आहे पोस्टकार्डाचा. लिक्टनस्टाइनच्या चित्रातलं देऊळ पाहिलं तर कळतं की हे कुणी कॉरिंथच्या उन्हात बसून काढलेलं नाही. ते पर्यटकांच्या पोस्टकार्डावरचं, हॉटेलच्या मेनूवरचं, ऑलिव्ह तेलाच्या डब्यावरचं देऊळ आहे. कॉलफील्ड १९६१ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर गेला होता. नोसोसच्या प्राचीन राजवाड्यातल्या भित्तिचित्रांची जी स्वस्त पोस्टकार्डं तिथे मिळत, त्यांत चित्र नीट कळावं म्हणून आकृत्यांभोवती काळी रेघ ओढलेली असे. मूळ चित्रांत ती तशी नाही. ही छपाईवाल्याची रेघ त्याने उचलली आणि पुढे बरीच वर्षं वापरली.

पॉप आर्टमधला भग्नावशेष म्हणजे देवळाचं चित्र नसतं, देवळाच्या छापील चित्राचं चित्र असतं, असं मी त्यावरून समजतो. आपण सगळे ग्रीसला जाण्याआधी हजार वेळा ते खांब पाहून बसलेलो असतो, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात, बँकांच्या बोधचिन्हांत. प्रत्यक्ष तिथे उभं राहिल्यावरही डोळा आधी तेच जुनं छापील चित्र शोधतो. या अनुभवाबद्दल पॉप आर्ट बोलते. तुमच्या छपाईत हा थर यायला हवा, नुसता भडक रंग नाही.

त्यासाठी एक साधा प्रयोग करा. तुमच्या फोटोची काळी-पांढरी झेरॉक्स काढा, पोस्टकार्डाएवढी लहान. त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा, पण मोठी करून. परत लहान, परत मोठी. चौथ्या-पाचव्या वेळी गवत जातं, डाग जातात, आभाळातली छटा जाते आणि उरतात काही काळे आकार. आता ट्रेसिंग पेपर ठेवून हाताने ब्रशने ते आकार काढा. संगणकावर ‘थ्रेशोल्ड’ लावून हेच मिनिटात होतं हे मला माहीत आहे. पण पहिल्या वेळी हाताने करा, म्हणजे कोणता आकार सोडवत नाही हे तुम्हाला स्वतःला कळेल.

आता फोटो कोणता घ्यायचा? तुम्ही अथेन्सच्या पार्थेनॉनचा घेतलात, कारण ते देऊळ प्रसिद्ध. मी कॉरिंथचा घेईन. पार्थेनॉनला बाहेरून ४६ खांब. समोरून पाहिलं तरी मागचे पुढच्यात मिसळतात आणि फोटोत एक जंगल होतं. कॉरिंथच्या अपोलोच्या देवळाला मूळचे ३८ खांब होते, उभे राहिलेत सात. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या मध्याचं हे बांधकाम, म्हणजे पार्थेनॉनहून शंभरएक वर्षांनी जुनं. खांब बुटके, जाड, जवळजवळ उभे. त्यांच्या अंगात घाईने आवरता येणार नाही असं वजन आहे. मागे अक्रोकॉरिंथचा डोंगर, पुढे मोकळं. चित्राची मांडणी जागेनेच करून ठेवलेली आहे.

आणखी एक बारकावा आहे, जो बहुतेक नवशिके चुकतात. पार्थेनॉनचे किंवा सुनिओनच्या पोसायडनच्या देवळाचे खांब गोल दगडी तुकड्यांची चळत रचून केलेत, म्हणून त्यांच्यावर आडवे सांधे दिसतात. अथेन्समध्ये ऑलिम्पियन झ्यूसच्या देवळाचा एक खांब १८५२ च्या वादळात कोसळला. तो आजही तिथेच आडवा पसरलाय, ढकललेल्या नाण्यांच्या चळतीसारखा, आणि तो स्वतःच एक उत्तम छपाईचा विषय आहे. पण कॉरिंथचे खांब अखंड आहेत. सुमारे सात मीटर उंचीचा एकेक खांब एकाच दगडातून काढलेला. त्यांवर आडव्या रेघा मारल्यात तर ते कॉरिंथ राहणार नाही. ‘जुनं दिसावं’ म्हणून प्रत्येक खांबावर सांधे आणि तडे काढायची सवय फार वाईट. पडझड दाखवायला तडा लागत नाही. वरचा आडवा दगड जिथे संपतो ती एक तुटकी कड पुरते.

उभ्या पन्हळींचंही तेच. डोरिक, म्हणजे या देवळांच्या साध्या ग्रीक धाटणीच्या, खांबावर साधारण वीस पन्हळी असतात, सुनिओनला सोळा. समोरून त्यातल्या निम्म्याच दिसतात, आणि कडेला जाता जाता त्या अरुंद होत जातात. सगळ्या सारख्या अंतरावर मारल्या की खांब गोल न दिसता पत्र्याच्या शेडसारखा दिसतो. मी पाच रेघांवर भागवतो: मधल्या दोन लांब अंतरावर, कडेच्या जवळजवळ. हे डोळ्यांत बसवायला परत ग्रीसला जायची गरज नाही. ठाण्याहून लोकल पकडा, फोर्टमध्ये एशियाटिक सोसायटीच्या समोर, हॉर्निमन सर्कलच्या बाजूला बसा. १८३३ मध्ये पूर्ण झालेला मुंबईचा हा टाउन हॉल ग्रीक डोरिक धाटणीचाच बांधलाय. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर ऊन खांबांवर येतं आणि सावल्या पाहण्यासारख्या होतात. एक वही भरा तिथे. मी तरुणपणी भरली होती आणि अजून कामाला येते.

आता या उत्तराच्या शीर्षकाकडे. तुम्ही सगळे खांब रंगवले आहेत: पिवळा, गुलाबी, मोरपंखी. मी म्हणतो, खांबांना हातच लावू नका. आभाळ छापा. खांबांच्या मधलं आभाळ, खांबांच्या वरचं आभाळ, डोंगर, जमीन, सावली हे सगळं छापा. खांब म्हणजे कोरा कागद.

यामागे कारण आहे. डोरिक खांब वर निमुळता होत जातो. म्हणजे दोन खांबांमधली फट खाली अरुंद, वर रुंद. मग माथ्याशी स्तंभशीर्ष पसरतं आणि फट एकदम आवळते. हा आकार ट्रेसिंग पेपरवर एकटा काढून बघा. अरुंद बूड, रुंद खांदे, वर गळा: ही तर ग्रीकांची अम्फोरा झाली, तेल आणि मद्य भरायची ती दोन कानांची सुरई! खांबांच्या ओळीमध्ये आभाळाच्या सुरयांची ओळ उभी असते. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून दिलं होतं. फट दिसायला लागली की देऊळ आपसूक उभं राहतं, आणि जे पडून गेलं आहे त्याची जागाही त्याच आभाळाने भरलेली असते. शाबूत इमारतीच्या चित्रात ही ताकद येत नाही. तिथे आभाळ फक्त वर असतं, इथे ते आत शिरलेलं असतं.

हे आभाळ कसं छापायचं? इथे ठिपके येतात, आणि इथेच फिल्टरने तुम्हाला फसवलंय.

छपाईत ठिपक्यांचे दोन प्रकार आहेत आणि लोक ते सर्रास एक समजतात. वर्तमानपत्रातल्या फोटोत असतो हाफटोन. त्यात ठिपके लहान-मोठे होतात, गडद जागी मोठे, फिकट जागी बारीक, आणि लांबून पाहिलं की फोटो दिसतो. दुसरा प्रकार बेन-डे ठिपक्यांचा, बेंजामिन डे या छपाईकाराच्या नावाने ओळखला जाणारा, १८७९ च्या पेटंटचा. यात एका भागातले सगळे ठिपके एकसारखे. ते छटा देत नाहीत, फक्त रंग हलका करतात, तेही स्वस्तात. जुन्या कॉमिक्समध्ये माणसाचा चेहरा गुलाबी करायला लाल रंगाचे असे ठिपके टाकत, वेगळी गुलाबी शाई लागू नये म्हणून. लिक्टनस्टाइनने मुख्यतः हाच ठिपका उचलला. सुरुवातीला त्याने कुत्र्याचे केस विंचरायचा ब्रश रंगात बुडवून ठिपके मारून पाहिले, मग भोकं पाडलेला पत्रा स्टेन्सिलसारखा ठेवून त्यातून रंग घासला. फिल्टर तुमच्या फोटोला हाफटोन लावतो, म्हणून खांब गोल दिसतो, आभाळात खोली दिसते आणि एकूण परिणाम जुन्या पेपरातल्या बातमीचा होतो. तुम्हाला हवाय सपाट, निर्विकार, एकसारखा ठिपका.

माप सांगतो. साधारण दीड फूट बाय दोन फूट कागदावर ठिपक्यांच्या केंद्रांतलं अंतर ३ मिलिमीटर आणि ठिपका २ मिलिमीटर ठेवा. चौकोनी मांडणीत हे साधारण ३५ टक्के रंग झाकतं, उरलेला कागद. लांबून हलकं आभाळ, जवळून स्पष्ट ठिपके, दोन्ही साधतं. ठिपका याहून बारीक केलात तर तो छटा होऊन बसतो आणि पोस्टकार्डाची आठवण जाते. एकाच ठिकाणी दोन रंगांचे ठिपके एकावर एक टाकायचे असतील तर दोन्ही जाळ्यांच्या कोनात तीस अंशांचा फरक ठेवा, नाहीतर मोआरेची नक्षी उमटते आणि डोळ्यांना त्रास देते. पहिल्या कामात मात्र हा मोह टाळा. ठिपके एकाच रंगात, आभाळापुरते.

रंग किती? तीन. एक आभाळाचा ठिपका, एक सपाट रंग जमीन आणि डोंगराला, आणि काळा. कागदाचा पांढरा धरला तर चार. याच्यावर जायची गरज मला पहिल्या पाच आवृत्त्यांत पडली नव्हती.

आणि इथे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येतं. भडक रंग देवळाचा अपमान करतो का?

आपल्या मनातलं ग्रीक देऊळ पांढरं आहे, कारण आपण ते पांढरंच पाहिलंय, संगमरवरी, पावसाने धुतलेलं. पण ही देवळं बांधली तेव्हा रंगवलेली होती. छताखालच्या पट्टीत ज्या उभ्या खाचांच्या चौकटी असतात, ट्रायग्लिफ, त्या निळ्या, मधल्या पट्ट्या लाल, मूर्तींचे कपडे रंगीत, काही ठिकाणी सोन्याचा मुलामा. २००९ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनच्या शिल्पांवर खास प्रकाश टाकून अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेऱ्याने फोटो घेतले, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे ‘इजिप्शियन निळा’ या प्राचीन रंगाचे कण चमकून उठले. त्या निळ्याचा गुणच असा की साध्या प्रकाशात तो अवरक्त किरण परत देतो. जर्मनीत व्हिन्झेन्झ ब्रिंकमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन मूर्तींच्या रंगवलेल्या प्रतिकृती करून २००३ पासून प्रदर्शनं मांडली, आणि पाहायला येणारे चकित झाले. लाल, निळा, पिवळा, ठसठशीत, सपाट. कॉरिंथचे खांबही साध्या चुनखडीचे, त्यांवर गुळगुळीत पांढरा गिलावा होता. आज जो खडबडीत दगड आपल्याला भारावून टाकतो तो त्या लोकांनी कधी उघडा ठेवलाच नव्हता.

म्हणून मला सपाट लाल आणि सपाट निळा त्या देवळांना परका वाटत नाही. उलट फिकट बदामी रंगात, सूर्यास्ताची मऊ छटा देऊन केलेली चित्रं मला जास्त खोटी वाटतात. भक्तीने बांधलेल्या वास्तूला रंग वर्ज्य आहे, हे आपण महाराष्ट्रात राहून कसं मानायचं? शेंदूर फासलेल्या देवासमोर हात जोडत वाढलेली माणसं आपण. रंगाने अपमान होत नाही. देवळाला कशाची तरी जाहिरात करायला उभं केलं तर होतो. खांबांच्या पुढे कोल्ड्रिंकची बाटली, मूर्तीला गॉगल, असले प्रकार मी करत नाही आणि तुम्हीही करू नका असं आग्रहाने सांगेन. त्यात बघणाऱ्याचं लक्ष एका क्षणात संपतं. तसंच एकच चित्र चार रंगांत चौकटीत मांडण्याचं. पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहॉलने केलं तेव्हा त्यामागे वर्तमानपत्रात तोच चेहरा रोज छापून येण्याचा संदर्भ होता. देवळात ती पुनरावृत्ती मुळातच आहे, खांबामागून खांब. ती बाहेरून आणायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष कामाचं.

घरी करताना थिनरच्या शाया आणू नका. बंद खोलीत त्याचा वास डोक्यात जातो आणि तब्येतीला तो चांगला नाही. कागदासाठी पाण्यात विरघळणाऱ्या शाया सहज मिळतात. कोटिंगसाठी, म्हणजे स्क्रीनवर लावायच्या, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपासाठी, जुन्या दुकानांत अजून बायक्रोमेट देतात. स्वस्त पडतं, पण त्यातलं क्रोमियम विषारी आहे, स्वयंपाकघराच्या जवळपास तर नकोच. डायझो किंवा तयार फोटो-इमल्शन घ्या. कापड इंचाला दोनशे ते अडीचशे धाग्यांचं चालेल. तुमचा ठिपका मोठा आहे, तीनशेची गरज नाही, आणि अतिबारीक कापडात पाण्याची शाई लवकर वाळून भोकं बुजतात. स्क्रीन आणि कागद यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर राहील असं बघा, म्हणजे स्क्वीजी पुढे गेली की कापड कागदापासून सुटतं आणि ठिपक्याची कड स्वच्छ येते. ते चिकटून राहिलं तर ठिपके पसरतात. एक्स्पोजरचा, म्हणजे पॉझिटिव्हमधून त्या लेपावर दिवा पाडायचा, वेळ मी सांगणार नाही, कारण तो तुमच्या दिव्यावर आणि कोटिंगच्या जाडीवर ठरतो. एका पट्टीवर पुठ्ठा सरकवत पाच वेगवेगळे वेळ देऊन बघा आणि ज्यात ठिपका पूर्ण उघडतो पण कड टिकते तो पकडा.

पावसाळ्यात काम करू नका, निदान पहिलं तरी. हे मी चांगलंच भोगलंय. एका जुलैत चाळीस प्रतींची आवृत्ती घेतली होती. सोमवारी आभाळ छापलं, गुरुवारी काळा छापायला घेतला. मधल्या तीन दिवसांत कागदाने ओल धरली आणि तो फुगला. डावीकडचा खांब जागेवर बसत होता आणि उजवीकडचा जवळजवळ दोन मिलिमीटर सरकत होता. चाळीसपैकी अकरा प्रती वाचल्या. तेव्हापासून कागद कामाच्या खोलीत दोन दिवस आधी उघडा ठेवतो, एका आवृत्तीचे सगळे रंग शक्यतो दोन दिवसांत उरकतो आणि मधल्या वेळात गठ्ठा प्लास्टिकने झाकतो. ओल्या हवेत कोटिंगही नीट वाळत नाही. वरून कोरडं वाटतं, पण धुताना ठिपकेच्या ठिपके निघून येतात. नोव्हेंबर ते मार्च हा आपल्याकडचा छपाईचा हंगाम.

कागद गुळगुळीत, सुती, २५० जीएसएमच्या वरचा. हातकागद मला मनापासून आवडतो, पण या कामाला तो नको. त्याची जाडी जागोजागी बदलते, सपाट रंगात खळगे राहतात, आणि कडा सरळ नसल्याने मार्किंगला (प्रत्येक रंग जागेवर बसवायच्या खुणांना) लावायला धड कोपरा मिळत नाही. शिवाय हातकागदाचा पोत चित्राला जुनेपणा देतो, आणि आपल्याला नेमकं तेच नकोय. छापील चित्राचा थंडपणा हवाय.

क्रम हलक्याकडून गडदकडे. आधी आभाळाचे ठिपके, मग सपाट रंग, शेवटी काळा. तुम्ही विचारलंत काळी रेघ कधी टाकायची. छापायची नेहमी शेवटी, पण काढायची सगळ्यांत आधी. पहिली पॉझिटिव्ह काळ्याची करा आणि बाकीचे रंग तिच्या हिशेबाने बेता. सपाट रंग काळ्या रेघेच्या खाली अर्धा ते एक मिलिमीटर जाऊ द्या, म्हणजे कागद थोडा हलला तरी मध्ये पांढरी फट उघडत नाही. काळी रेघ हा आपला सांधा झाकणारा गिलावाच.

रेघेचा स्वभाव मात्र ठरवावा लागतो. कॉलफील्डची रेघ बहुतेक एकाच जाडीची असते, तिच्यात हात दिसत नाही. दगडाची कड, ढिगाऱ्याची कड, सगळ्यांना एकच मान. लिक्टनस्टाइनची रेघ ब्रशच्या वळणाने जाड-बारीक होते, जाहिरातीच्या चित्रकाराची रेघ. अवशेषांना मला पहिली जास्त शोभते. तुटलेल्या दगडाभोवती निर्विकार रेघ फिरली की त्या शांततेत एक दुःख उतरतं, जे थरथरत्या रेघेने कधी येत नाही. पण तुमचा हात वळणदार असेल तर दुसरी घ्या, जबरदस्ती नको. एकाच चित्रात दोन्ही नकोत, एवढं पाळा. आणि खांब कोरे सोडलेत तर खांबाच्या उन्हाकडच्या बाजूला रेघच देऊ नका. तिथे ठिपके थांबले की कड आपोआप दिसते. रेघ फक्त सावलीच्या बाजूला. हे एक करून बघा, चित्रात ऊन येईल.

लिक्टनस्टाइनचं पुढचं काम जरूर शोधून पाहा. १९७० च्या दशकात तो देवळावरून फक्त वरच्या आडव्या पट्टीवर आला, एन्टॅब्लेचरवर. त्यासाठी त्याने ग्रीस नाही, न्यूयॉर्कच्या इमारतींचे दर्शनी भाग न्याहाळले, जिथे बँकांनी आणि कचेऱ्यांनी ग्रीक नक्षी उसनी घेतली होती. १९७६ मध्ये टायलर ग्राफिक्सकडे त्याने या विषयावरच्या अकरा छपायांची मालिका केली, स्क्रीन प्रिंट, लिथोग्राफी, धातूचा पत्रा आणि उठाव एकत्र करून. देऊळ नाही, खांब नाहीत, आभाळ नाही, फक्त एक आडवी पट्टी. कमी करत जाणं किती लांबवर नेता येतं ते त्यात दिसतं.

पण बघा, गिरवू नका. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. लिक्टनस्टाइन १९९७ ला गेला, कॉलफील्ड २००५ ला, दोघांचंही काम अजून बराच काळ संरक्षित आहे. ठिपका आणि काळी रेघ कुणाच्या मालकीची नाही, त्यांची मांडणी आहे. आणि विकायचा विचार असेल तर आणखी एक: ग्रीसच्या पुरातत्त्व कायद्यानुसार सरकारी मालकीच्या स्मारकांच्या प्रतिमा आर्थिक लाभासाठी वापरायला तिथल्या संस्कृती मंत्रालयाची परवानगी लागते. घरच्या भिंतीसाठी आणि मित्रमंडळींसाठी कराल तोवर काळजी नको. दुकानात किंवा ऑनलाइन ठेवण्याआधी मंत्रालयाला लिहून विचारा.

तुम्ही पाठवलेल्या कॉरिंथच्या फोटोंपैकी दुसरा घ्या, ज्यात ऊन डावीकडून येतंय आणि आडवा दगड उजव्या टोकाला तुटून थांबलाय. पर्यटकांचा घोळका काढून टाका, माहितीचा फलकही. अक्रोकॉरिंथचा डोंगर एका सपाट रंगात घ्या, मी असतो तर विटकरी लाल घेतला असता, आणि जोत्याखालची जमीनही त्याच रंगात, म्हणजे देऊळ दोन लाल पट्ट्यांच्या मध्ये तरंगेल. ठिपके निळे. पहिल्या पाच प्रती साध्या कागदावर काढा आणि त्या दोऱ्यावर वाळत घातल्या की खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहा. आधी सुरया दिसल्या आणि मग खांब, तर चांगला कागद काढा. आधी खांब दिसले तर काळ्याच्या पॉझिटिव्हवरच्या डावीकडच्या रेघा खोडून परत एक्स्पोज करा.